गाळातला जीव

अण्णांनी छत्तीस वर्षं जमिनीला भोकं पाडली. बोअरच्या गाडीवर ते आधी पाइप उचलायला लागले, मग मशीन चालवायला लागले, आणि शेवटची पंधरा वर्षं तर त्यांच्यावाचून गाडी हलत नसे. वर आलेला चिखल चिमटीत धरून, बोटांत चोळून ते सांगायचे, "अजून तीस फूट. मग लागेल." बहुतेक वेळा लागायचं. नाही लागलं तर डोकं खाजवत म्हणायचे, "जमीन आज बोलत नाही."

एवढं जमिनीचं पोट कळणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरीचं, ठकूचं, काम मात्र कधी नीट कळलं नव्हतं. पोर डॉक्टर झाली होती, पण इंजेक्शनवाली नव्हे. तळ्याच्या तळाचा गाळ ती चाळते, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तिच्या मुदतीपुरत्या संशोधनाच्या नोकरीला 'पोस्टडॉक' म्हणतात, हे कळल्यावर तिच्या आईनं शेजारणीला सांगून टाकलं, "पोस्टात आहे." शेजारणीला वाटलं, पोस्टात म्हणजे सरकारी, कायमची. आईनं तो गैरसमज तसाच राहू दिला. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटत होतं.

कायमचं असं काहीच नव्हतं. ठकू अडतिसाव्या वर्षात होती आणि चौथ्या करारावर होती. पहिले दोन करार दोन वेगवेगळ्या गावांत गेले. मग या संस्थेत तीन वर्षांचा एक, आणि त्यानंतर दर वर्षी वाढवून मिळणारा हा. जावई आठ तासांवरच्या शाळेत गणित शिकवायचे. नवरा-बायकोचा संसार सुट्ट्यांमध्ये आणि फोनवर चालला होता. मूल झालं नव्हतं. त्याविषयी घरात कुणी बोलत नसे आणि सगळ्यांच्या मनात तेच असे.

आता तोही करार संपत आला होता. पाच आठवडे उरले होते आणि यावेळी तो वाढणार नव्हता. जावयांना परीक्षांमुळे रजा नव्हती. म्हणून आईनं अण्णांना धाडलं.

"सामान बांधायला मदत करा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आणि तिच्याशी बोला जरा. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत जागा निघालीय म्हणे. पर्मनंट. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

अण्णा मान हलवून निघाले.

ठकूची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक पलंग, एक शेगडी, आणि भिंतीला लावून ठेवलेली पुठ्ठ्याची खोकी. अण्णांना वाटलं, पोरीनं बांधाबांध सुरूही केली. पण खोक्यांवर धूळ होती.

"ही कधीची गं?"

"आले तेव्हाचीच. उघडलीच नाहीत," ठकू म्हणाली. "दर वर्षी वाटायचं, यंदा निघावं लागेल. कशाला उगाच सोडा-बांधा?"

सहा वर्षं न सोडलेली ती खोकी अण्णांच्या मनात बसली.

दोन दिवस त्यांनी खोलीत बसून काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी पायात चपला सरकवून ते म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर. इथं भिंतींशी किती बोलू?"

संस्थेची इमारत लांबलचक होती. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना दारं. दारांवर पितळी पाट्या, त्यांवर कोरलेली नावं. ठकूच्या दारावर कागदाची पट्टी होती, चिकटपट्टीनं लावलेली, आणि तिच्यावर चार नावं. तिचं तिसरं. आतल्या टेबलाचा अर्धा भाग तिचा होता. पण अर्ध्या टेबलाच्या पलीकडे एक जाड दार होतं, आणि ठकूनं ते उघडलं तेव्हा थंड हवेचा लोट अण्णांच्या अंगावर आला.

आत मांडण्यांवर नळ्या होत्या. हाताएवढ्या जाड, माणसाच्या कमरेएवढ्या लांब, पारदर्शक. आणि प्रत्येक नळीत गाळ. काळा, करडा, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा. शंभराच्या वर असाव्यात. अण्णा दारातच थबकले. त्यांनी आयुष्यभर जमिनीच्या पोटातून वर आणलेला चिखल बाजूला फेकला होता. इथं कुणीतरी तो जसाच्या तसा, थर न मोडता, अंधारात आणि थंडीत, नाव-तारीख घालून जपून ठेवला होता.

"हे सगळं तळ्यातलं?"

"एकाच तळ्यातलं. मॅडमच्या सरांनी काढलेलं, मी शाळेत होते तेव्हा." मॅडम म्हणजे या प्रयोगशाळेच्या प्रमुख. "वरचा थर कालपरवाचा. खाली जाऊ तसं जुनं. या बोटाएवढ्या जाडीत दहा-बारा वर्षं आहेत, अण्णा."

अण्णांनी आपल्या बोटाकडे पाहिलं.

मग ठकूनं त्यांना खरं काम सांगितलं. तळ्यात एक प्राणी असतो. पाणपिसू म्हणतात त्याला, पण चावत नाही, उड्या मारत पोहतो इतकंच. मोहरीपेक्षा लहान. दिवस वाईट आले, म्हणजे थंडी पडली, खाणं संपलं, की तो एक काळी चपटी पिशवी टाकतो. बटव्यासारखी. तिच्यात दोन अंडी. ती पिशवी तळाशी जाऊन गाळात गाडली जाते. अंडी मरत नाहीत, वाट बघत राहतात.

"किती दिवस?"

"तेच मला बघायचंय," ठकू म्हणाली.

एक अडचण होती. सगळ्यांत जास्त पिशव्या ज्या नळीत होत्या, तिच्यावरची शाई पुसली गेली होती. वर कुठलं टोक आणि खाली कुठलं, सांगता येत नव्हतं. दोन्ही टोकांचा गाळ वय काढायला बाहेर पाठवता आला असता, पण त्याला मंजुरी लागते. करार संपत आलेल्या माणसाचा अर्ज वरच्या कार्यालयात दोन महिने पडून होता. आणि अंडी उबवायला वेळ उरला होता तो एकाच खेपेपुरता. चुकीच्या टोकाची अंडी घेतली, तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची निघायची.

शनिवारी तिनं ती नळी उभी चिरली. दोन अर्धे भाग टेबलावर ठेवले. दोन्हीकडे सारखाच काळपट गाळ, पट्टे नसल्यासारखेच. अण्णा पुढे झाले आणि सवयीनं त्यांचा अंगठा गाळाकडे गेला.

"अण्णा! हात नका लावू!"

अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. "बरं बाई. नाही लावत. पण हे असं ओलं कशाला बघतेस? जरा सुकू दे वरून. आणि तो डोक्यावरचा दिवा घालव. बाजूनं उजेड दे, तिरका."

ठकूनं बापाकडे पाहिलं. मग दिवा घालवला, टेबलावरचा छोटा दिवा उचलून गाळाच्या पातळीला आणला आणि दोघं अर्धा तास स्टुलांवर बसून राहिली. हळूहळू गाळाचा वरचा ओलावा गेला, आणि त्या काळ्यात केसाएवढ्या रेषा उमटायला लागल्या. एक, दोन, मग वीस. प्रत्येक रेष मधे सरळ होती आणि नळीच्या कडेला पोचताना वाकलेली.

"बघ," अण्णा म्हणाले. "पाइप खाली जाताना कडेचा चिखल आपल्याबरोबर खाली ओढतो. मधला जागेवर राहतो. कडा जिकडे झुकल्यात तिकडं खाली. हे तुझ्या डाव्या हाताचं टोक तळाचं."

ठकू कितीतरी वेळ वाकून बघत राहिली. तिनं मांडणीवरून खुणा शाबूत असलेल्या, आधीच चिरलेल्या तीन नळ्यांचे अर्धे भाग आणले, एकेक तिरक्या उजेडात धरला. तिन्हींत कडा खालीच झुकल्या होत्या.

"मला हे माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "वाचलंय मी. पण या नळीत मला कधी दिसलंच नाही. आठ महिने नळीबाहेरून बघतेय."

"तू वाचलंस," अण्णा म्हणाले, "मी धुतलंय. कपड्यांवरनं."

सोमवारी ठकूनं मॅडमना त्या रेषा दाखवल्या. मॅडम साठीच्या जवळ आलेल्या, चष्मा केसांत खोचून तो शोधणाऱ्या. त्यांनी पाहिलं, अण्णांना दोन प्रश्न विचारले आणि तो अडकलेला अर्ज घेऊन स्वतः वरच्या मजल्यावर गेल्या. तासाभरात सही घेऊन आल्या. दोन्ही टोकांचा गाळ वय काढायला गेला. पण उत्तर यायला महिना लागणार होता, आणि तोवर थांबून चालणार नव्हतं. अण्णांच्या शब्दावर ठकूनं तळाच्या टोकातल्या पिशव्या उघडल्या. धडधाकट दिसणारी अंडी निघाली एक्केचाळीस. ती काचेच्या छोट्या वाट्यांत, स्वच्छ पाण्यात घालून उबेच्या कपाटात दिव्याखाली ठेवली.

मग वाट बघणं सुरू झालं. अण्णा रोज जायचे. रोज सकाळी ठकू एक्केचाळीस वाट्या एकेक करून मायक्रोस्कोपखाली सरकवायची आणि वहीत एक्केचाळीस वेळा 'नाही' लिहायची. रविवारीही. एकदा अंगात ताप असतानाही. अण्णांनी सुट्टी घे म्हटलं, तर म्हणाली, "माझी सुट्टी चालेल, त्यांची नाही चालायची."

याच दिवसांत तिची मुलाखत झाली. याच संस्थेत, कायमच्या जागेसाठी. पितळी पाटीची जागा. तिनं निळी साडी नेसली. अण्णांनी इस्त्री केली. दुपारी ती परत आली ती सरळ वाट्यांपाशी. साडी न बदलता वरून पांढरा कोट चढवलेला.

"काय विचारलं?"

"विचारलं, यातलं तुमचं स्वतःचं काय? सगळ्या पेपरांवर मॅडमचं नाव आहे." ती वाटी सरकवत होती. "मी म्हटलं, हात माझे आहेत. ते हसले. मग विचारलं, पुढच्या दहा वर्षांची योजना सांगा. मी सांगितली. चांगली सांगितली, अण्णा. पण मनात येत होतं, बारा महिन्यांच्या पलीकडचं काही मी कितीतरी वर्षांत ठरवलेलंच नाही. भाड्याचा करारसुद्धा."

दोन दिवसांनी कळलं. जागा दुसऱ्याला मिळाली होती. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, हुशार, भला माणूस. तिनंच त्याला कधीकाळी पिशव्या उघडायला शिकवलं होतं. तो स्वतः येऊन अवघडल्यासारखा उभा राहिला, तेव्हा ठकूनं त्याचा हात हातात घेतला आणि मनापासून अभिनंदन केलं. मग वही ओढली आणि एक्केचाळीस वेळा 'नाही' लिहिलं.

अण्णा कोपऱ्यातल्या स्टुलावरून बघत होते. बायकोनं सांगितलेलं बोलायची हीच वेळ होती. पाणीपुरवठा, पर्मनंट, सगळं ओठांवर आलं होतं. पण त्यांना तिचा हात दिसत होता. तिसाव्या वाटीलाही तो पहिल्या वाटीइतकाच अलगद होता. अण्णांनी पाचशे फूट कोरडं गेल्यावर मशीनला लाथ मारणारी माणसं पाहिली होती. स्वतःही मारली होती. ही पोर कुठून आली आपल्या पोटी, असं त्यांना वाटलं, आणि पाणीपुरवठ्याचा विषय त्यांनी तसाच ठेवला.

सोळाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, सव्विसाव्या वाटीपाशी ठकूचा हात थांबला.

ती भिंगावर तशीच वाकून राहिली. अण्णांना वाटलं, तिला चक्कर येतेय. ते उठले.

"अण्णा," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "इकडे या. टेबलाला धक्का लावू नका."

तिनं त्यांना आपल्या जागी बसवलं. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग उजेडाचं एक गोल तळं दिसलं, आणि त्यात काचेचं असावं तसं काहीतरी. एवढं पातळ की आरपार दिसत होतं. त्याला एकच डोळा होता, मोठा, काळा, आणि तो थरथरत होता. दोन फांद्यांसारखे हात. एकदा ते हात हलले आणि तो जीव टुणकन उडी मारून तळ्याच्या मधोमध आला.

"पाठीकडे बघा," ठकू त्यांच्या कानाशी म्हणाली. "डोळ्याच्या मागे, वरच्या बाजूला."

अण्णांनी पाहिलं. काचेच्या त्या अंगात एक इवलीशी पिशवी होती, आणि ती मिटत होती, उघडत होती, मिटत होती, मोजता येणार नाही इतक्या भराभर.

"हे काळीज?"

"काळीज."

अण्णांचे हात मांडीवर होते ते त्यांनी उचलून टेबलाच्या कडेला धरले.

"कधीचं अंडं हे, ठकू?"

"तुम्ही सांगितलेलं टोक बरोबर असेल, तर चारशे वर्षांच्या आसपास."

चारशे वर्षं. अण्णांनी मनात मागे जायला सुरुवात केली. बाप, आजा, पणजा. तिथपर्यंत नावं होती. त्याच्या मागे नावंही नव्हती. त्याच्याही कितीतरी मागे, कुणीही ज्यांना आठवत नाही अशा माणसांच्या काळात, कुठल्याशा थंड दिवशी याच्या आईनं ही पिशवी टाकली होती. मग वरून गाळ पडत राहिला. माणसं जन्मली, गेली, गावं बसली, उठली, आणि हे काळीज सुरूच झालेलं नव्हतं. ते आज झालं, सकाळी दहा वाजता, त्यांच्यादेखत. अण्णांना डोळा काचेवरून हलवता येईना.

"तिला कळतंय का गं, किती वेळ गेला ते?"

"नाही," ठकू म्हणाली. "तिच्यासाठी गेलाच नाही."

ठकू मॅडमना बोलवायला गेली. मॅडम आल्या, चष्मा न शोधताच बसल्या. त्या इतका वेळ वाकून राहिल्या की शेवटी अण्णांनी त्यांच्यापाशी पाण्याचा पेला आणून ठेवला.

"माझे सर गेले तेव्हा म्हणाले होते, नळ्या फेकू नका," मॅडम सरळ होत म्हणाल्या. "मला वाटायचं, मी नुसती राखण करतेय." मग ठकूकडे वळल्या. "पेपरवर पहिलं नाव तुझं, आणि शेवटचा शब्दही तुझा. माझं मधे कुठेतरी घाल. आधीच करायला हवं होतं मी हे. करार वाढवणं माझ्या हातात नाही. असतं तर केव्हाच केलं असतं."

"माहीत आहे, मॅडम."

करार ठरल्या दिवशी संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूनं दारापाशी कार्ड टेकवलं आणि दिवा लाल झाला. तिनं पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. पहारेकरी तिला सहा वर्षं ओळखत होता. तो खाली बघत म्हणाला, "ताई, यादीतून नाव गेलंय. पाहुण्यांच्या वहीत लिहावं लागेल."

ठकूनं पेन घेतलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग अण्णांनी तिच्या हातातून वही घेतली. दोघांची नावं लिहिली. 'कामाचं स्वरूप' या रकान्यात त्यांनी बोअरच्या गाडीवर नोंदी लिहायचे त्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'एका जिवाला भेटणे.' पहारेकऱ्यानं वाचलं आणि दार उघडून धरलं.

आत टेबलावर एक पाकीट होतं. गाळाचं वय आलं होतं. ठकूनं उभ्याउभ्या वाचलं, मग मोठ्यानं वाचलं. वरचं टोक पस्तीस वर्षं. तळाचं टोक चारशे तीस. तिनं कागद अण्णांच्या हातात दिला. त्यांना त्यातले दोन आकडे सोडून काही कळलं नाही, पण तेवढं पुरलं.

आणि ती पाणपिसू, वाटीतून आता मोठ्या बरणीत आलेली, एकटी नव्हती. तिच्याभोवती आठ-नऊ ठिपके उड्या मारत होते.

"पिल्लं?" अण्णा ओरडलेच. "पण नर कुठाय?"

"लागत नाही. दिवस चांगले असले की ह्या एकट्याच मुली घालतात. हुबेहूब आपल्यासारख्या."

"म्हणजे बापाचं काही कामच नाही?"

"बापाचं काम," ठकू हसत म्हणाली, "वर आणि खाली सांगण्याचं." हसता हसता तिला रडू फुटलं. सहा वर्षांचं सगळं एकदमच बाहेर आलं. अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि बरणीतले ठिपके तोवर नाचत राहिले.

अण्णा घरी परतले तेव्हा आईनं पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"बोललात का तिच्याशी?"

"नाही बोललो."

"अहो, मग गेला होतात कशाला?"

अण्णा पायरीवर बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली, नळ्या, पट्टे, वाट्या, आणि काळजापाशी आल्यावर त्यांचे शब्द संपले. आई काहीतरी बोलणार होती, पण नवऱ्याचा चेहरा बघून तीही पायरीवर टेकली. लग्न झाल्यापासून या माणसाला तिनं असं पाहिलं नव्हतं.

पुढचे चार महिने ठकूला नोकरी नव्हती. ती जावयांकडे राहिली, पाणपिसूंची बरणी बरोबर घेऊन. घरी बसून तिनं पेपर लिहिला, अकरा ठिकाणी अर्ज केले. नऊ ठिकाणांहून उत्तरच आलं नाही. पाणीपुरवठ्याचा फॉर्मही तिनं भरून ठेवला होता, अण्णांना सांगूनच. शेवटचा दिवस जवळ आला होता.

एका दुपारी फोन वाजला तो आईनं उचलला.

"आई, संशोधनाचं अनुदान मिळालं. तीन वर्षांचं. माझ्या स्वतःच्या नावावर, माझ्या कामासाठी. मॅडमनी नळ्यासुद्धा देऊ केल्यात."

"पर्मनंट?"

"नाही गं. तीन वर्षं."

"जावयांपासून किती लांब?"

"पाच तास."

अण्णा दारात येऊन उभे होते. पाच तास आठ तासांपेक्षा कमी होते, आणि तीन वर्षं एका वर्षापेक्षा जास्त होती, पण आईला हवं होतं ते हे नव्हतं आणि तिनं तसं लपवलंही नाही. तिचा मोठा उसासा फोनमधून पलीकडे गेला असणार. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आणि ती?" तिनं विचारलं. "ती म्हातारी कशी आहे?"

"कोण म्हातारी?"

"चारशे वर्षांची ती. पोरंबाळंवाली."

"मजेत आहे," ठकू म्हणाली. "पणत्या झाल्यात तिला."

"खायला काय घालतेस?"

"हिरवं पाणी. शेवाळाचं."

"नुसतंच?" आई म्हणाली, आणि फोन दुसऱ्या कानाला लावून खुर्ची पुढे ओढून बसली. "बरं, नीट सांग मला आता. पहिल्यापासून सांग. यांना काही सांगताच येत नाही."